जुनी डिझेल कॅम्पर व्हॅन घेताय? साताऱ्यात ती नावावर कशी होते: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

जुनी कॅम्पर बघायला गेलात की विकणारा आधी मागचं दार उघडतो. गादी दाखवतो, छोटं बेसिन दाखवतो, टपावरचं सोलर दाखवतो. तुम्ही मात्र आधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) मागा आणि त्यातली 'वाहन वर्ग' ही ओळ वाचा. कमी पैशात गाडी घेणाऱ्याचं नशीब त्या ओळीवर ठरतं.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझ्या मावसभावाला वाईजवळ एक टेंपो ट्रॅव्हलर आवडली. आत दोन सीट, पलंग, गॅसचा ओटा, सगळं नीटनेटकं. त्याने तिथल्या तिथे इसार देऊन टाकला. घरी येऊन आरसी वाचली तर तीवर ओम्नी बस, आसनं 13 आणि पर्यटक परवाना. कागदावर ती अजून प्रवासी भाड्याची गाडी होती. व्यवहार मोडला, इसारातले निम्मे पैसे गेले आणि दोन महिने घरात कोणी त्या विषयावर बोललं नाही.

आरसीवर काय लिहिलेलं हवं

घरच्या वापरासाठी गाडी हवी असेल तर आरसीवर 'मोटार कॅरव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन (खासगी वापर)' असा वर्ग असावा आणि नंबरप्लेट पांढरी असावी. पिवळी प्लेट म्हणजे व्यावसायिक गाडी. तिला परवाना लागतो, कर वेगळा पडतो आणि फिटनेस प्रमाणपत्र लागतं: गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. जाहिरातीत 'बोलेरो कॅम्पर' दिसली तर हुरळून जाऊ नका. ते महिंद्राच्या पिकअपचं नाव आहे, झोपायच्या गाडीचं नव्हे.

आपल्याकडे विकायला येणाऱ्या कॅम्पर बहुतेक फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरवर बांधलेल्या असतात. कंपनीने किंवा मान्यताप्राप्त बांधणी करणाऱ्याने एआयएस 124 या मानकानुसार मंजुरी घेऊन बांधलेली गाडी असेल तर चिंता नाही. पण फॅब्रिकेशनवाल्याकडून सीट काढून पलंग बसवला आणि आरसी तशीच ठेवली, अशा गाड्या खूप फिरतात, आणि स्वस्त मिळतात त्या ह्याच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो हाच: हा बदल आम्हाला कळवला होता का?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. आरसीवर वर्ग बदललेला नसेल तर तो बदलून घेण्याचं काम विकणाऱ्याने त्याच्या नावावर गाडी असतानाच करावं. 'घ्या हो, नंतर होतं पासिंग' या बोलीवर एक रुपयाही देऊ नका. फारच मोह झाला तर आधी गाडीचे फोटो आणि आरसीची प्रत घेऊन आरटीओतल्या मोटार वाहन निरीक्षकांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला.

कोण घेऊ शकतो

मालक व्हायला वेगळी पात्रता लागत नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि पॅन (पॅन नसेल तर नमुना 60) एवढं असलं की पुरे. पत्ता ज्या आरटीओच्या हद्दीत, तिथे नोंद होते: साताऱ्याला एमएच 11, कऱ्हाड-पाटणकडे एमएच 50, सांगलीला एमएच 10. चालवायला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, पण गाडीचं एकूण मंजूर वजन 7,500 किलोच्या आत हवं. ट्रॅव्हलर-विंगर त्यात आरामात बसतात. ट्रक किंवा मोठ्या बसच्या सांगाड्यावर बांधलेली कॅम्पर मात्र बसेलच असं नाही, आरसीवरचं वजन बघा.

कागद

मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, नमुना 29 च्या दोन प्रती, नमुना 30, दोघांचे आधार आणि पॅन, खरेदीदाराचे फोटो, चेसी प्रिंट. नमुना 29 हे विकणाऱ्याने गाडी विकल्याचं कळवणं आणि 30 हा नावावर करण्याचा अर्ज. दोन्हींवर दोघांच्या सह्या समोरासमोर घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करून देणारा विक्रेता आणि ती घेणारा खरेदीदार, दोघेही पुढे अडकतात.

चेसी प्रिंट कशी घ्यायची ते बघून ठेवा. चेसीवर खोदलेल्या नंबरवरची माती-ग्रीस पुसायची, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. अंक पांढरे उठतात. हे काम एजंटवर न सोपवता स्वतः वाकून करा, कारण त्याच वेळी अंक घासलेले, ठोकलेले किंवा भोवती नवं वेल्डिंग केलेलं असलं तर बोटालाच लागतं. प्रिंटवरचा अंक आणि आरसीवरचा अंक एकेक करून जुळवा.

बँकेचा बोजा असेल तर नमुना 35 आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) लागते, आणि बोजा आरसीवरून उतरल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. कर्ज फिटलं पण बोजा उतरवायचाच राहिला, असं जुन्या गाडीच्या बाबतीत सर्रास होतं. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली हवी, नाहीतर हस्तांतराचं काम थांबतं. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याला भरायला लावा. इसार देताना 500 रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घ्या आणि त्यात 'गाडी नावावर न झाल्यास इसार परत' हे वाक्य असूच द्या. माझ्या मावसभावाच्या कागदात तेवढंच एक वाक्य नव्हतं.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 'रजिस्ट्रेशन कधीपर्यंत' हा रकाना वाचा. मुदत संपत आली असेल तर नमुना 25 चा अर्ज, तपासणी आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर हे सगळं तुमच्या अंगावर येईल. 1 एप्रिल 2022 पासून हलक्या खासगी गाडीचं नूतनीकरण शुल्क 5,000 रुपये आहे आणि 20 वर्षांवरच्या गाडीला 2025 मध्ये ते 10,000 झालं. किंमत ठरवताना हे वजा करून बोला.

अर्ज

परिवहन संकेतस्थळावर वाहनविषयक सेवांमध्ये महाराष्ट्र आणि आपलं आरटीओ निवडायचं, गाडीचा नंबर आणि चेसी क्रमांकाचे शेवटचे 5 अंक टाकायचे. मग ओटीपी येतो आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. तो ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर, म्हणजे विकणाऱ्याच्या नंबरवर जातो. जुन्या गाडीला नंबर जोडलेलाच नसतो किंवा तो बंद पडलेला असतो. व्यवहाराच्या दिवशीच विकणाऱ्याकडून नंबर जोडून घ्या आणि त्याच बैठकीत अर्ज भरा. पैसे घेऊन तो पुण्या-मुंबईला निघून गेला की फोन उचलण्याची घाई त्याला राहत नाही. 'हस्तांतरण' निवडायचं, बोजा असेल तर तो उतरवण्याचा अर्जही सोबतच, शुल्क ऑनलाइन भरायचं, पावती आणि फॉर्मची प्रिंट काढून सह्या करायच्या आणि भेटीची वेळ घेऊन कागद आरटीओत द्यायचे.

मुदती कलम 50 मध्ये आहेत: राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला समजावून सांगा की यात त्याचंच हित आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जातो, मग गाडी प्रत्यक्षात कोणाकडेही असो.

बाहेरची स्वस्त गाडी

बेळगाव-चिकोडीकडची केए 22, केए 23 किंवा दिल्लीकडची डिझेल गाडी खूपच स्वस्त मिळाली, असं कोणीतरी सांगतंच. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिथून माल बाहेर येतो. अशा गाडीला मूळ आरटीओची नमुना 28 ची एनओसी लागते, गाडी चोरीची नसल्याचा पोलीस अहवाल लागतो, आणि इथे महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. मूळ राज्यातला उरलेला कर परत मागता येतो, पण त्यासाठी तिकडे अर्ज आणि फेऱ्या. सौदा करण्याआधी आरसीची प्रत घेऊन इथल्या कर विभागात आकडा विचारा. स्वस्तपणा बहुतेक वेळा तिथेच संपतो.

एक चक्कर यवतेश्वर घाटात

कागद जुळले की मगच इंजिन. सकाळी जा, गाडी गार असताना. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर विकणाऱ्याने आधी सेल्फ मारून ठेवलाय. इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी उघडा. धुराचे भपकारे जोरात आले तर पिस्टन-रिंग थकल्यात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पाणी भरलेली टाकी, सिलिंडर, पलंग, चार माणसं अशी सगळी भरून गाडी साताऱ्यातून यवतेश्वरला चढवा. रिकाम्या गाडीचा पिकअप कॅम्परच्या बाबतीत काहीच सांगत नाही. वर पोचल्यावर खाली वाकून मागचे पाटे बघा, डाव्या-उजव्या बाजूला गाडी सारखीच बसलीय का. पाण्याची टाकी एका बाजूला असली तर एकच पाटा दबलेला सापडतो. बीएस 6 गाडी असेल तर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागलेला नाही ना ते डॅशबोर्डवर बघून घ्या. ते फिल्टर बदलायचं तर मोठा खर्च येतो.

विमा

व्यवहार झाल्यापासून 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. त्रयस्थ पक्षाचं संरक्षण आपोआप गाडीबरोबर येतं, तुमच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचाच राहतो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता त्याच्यापेक्षा जास्त दिसेल. अर्जात पलंग, सोलर, बॅटरी, गॅसची जोडणी या सगळ्याची किमतीसह नोंद करा आणि कंपनीची पोच लेखी घ्या. नवी आरसी टपालाने घरी येईपर्यंत हस्तांतरणाची पावती गाडीतच ठेवा.