साइज मोठी करणं वेगळं, ग्रेडिंग वेगळं

क्रोशाचा एखादा टॉप छान जमला की पुढचा प्रश्न ठरलेला: 'माझ्या मापात कसा करायचा?' मग कुणी एक नंबर मोठी सुई घ्यायला सांगतं, कुणी सगळे आकडे एकाच पटीत वाढवून देतं. दोन्हींत कपडा मोठा होतो, हे खरं. पण पॅटर्नवर, म्हणजे विणायच्या लेखी सूचनांवर, 'स्मॉल ते टू-एक्स' (लहान ते खूप मोठी साइज) असं लिहायचं असेल तर तेवढ्यानं भागत नाही. तिथे ग्रेडिंग लागतं. ग्रेडिंगमध्ये छाती, खांदा, मुंढा, गळा, दंड यांतलं प्रत्येक माप आपापल्या हिशेबानं वाढतं.

अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलचा मापांचा तक्ता पॅटर्न लिहिणारे पुष्कळ जण वापरतात. त्यात बायकांच्या स्मॉल साइजची छाती 32 ते 34 इंच आहे आणि टू-एक्सची 48 ते 50. 32 वरून 48 म्हणजे बरोबर दीडपट. आता त्याच तक्त्यात पाठीची रुंदी बघा, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतची. स्मॉलला ती साडेचौदाच्या आसपास आहे, टू-एक्सला 18. सरसकट दीडपट केली असती तर पावणेबावीस झाली असती, म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ दोन-दोन इंच खांदा दंडावर उतरणार. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, उंची सात इंचांवरून नवावर जाते, दीडपटीनं ती साडेदहा होते आणि बाही काखेत गोळा होते. गळ्याची गत सगळ्यात वाईट. सहा इंच रुंद गळा नऊ इंच झाला की टॉप खांद्यावर ठरतच नाही. अंगाचा घेर कितीही वाढला तरी खांद्याची हाडं त्या मानानं थोडीच रुंद होतात, आणि कपडा तर खांद्यावरच तोललेला असतो.

मोठ्या सुईचंही तेच. समजा 4 इंचांत 16 खांब (क्रोशाचे उभे टाके) बसत होते, मोठ्या सुईनं 14 बसायला लागले. 144 खांबांचा 36 इंची घेर 41 इंचांचा झाला. पण त्याबरोबर ओळीही उंच झाल्या, गळाही पसरला आणि वीण विरळ झाली. विरळ वीण वापरात खाली ओघळते. शाल, पोंचो, खेळण्यातली बाहुली अशा गोष्टींना ही युक्ती खुशाल वापरावी, कारण तिथे खांदा-मुंढा बसवायचा नसतो.

ग्रेडिंग म्हणजे काय ते मुंढ्यापाशी नीट कळतं. 4 इंचांत 16 खांब आणि 8 ओळी बसतात असं धरू, आणि अंगाच्या मापापेक्षा 4 इंच सैल कपडा हवा आहे. 32 छातीला तयार घेर 36, म्हणजे पाठीचा भाग 18 इंच, 72 खांब. वर खांद्यापाशी साडेचौदा इंचच हवेत, 58 खांब. म्हणजे मुंढ्याला प्रत्येक बाजूनं 7 खांब कमी करायचे. 48 छातीला पाठीचा भाग 26 इंच, 104 खांब. वर 18 इंच, 72 खांब. इथे प्रत्येक बाजूनं 16 खांब घटतात. घट दुपटीहून जास्त, पण मुंढ्याच्या ओळी मात्र 14 वरून फक्त 18 झाल्या.

म्हणून 'प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना एकेक खांब कमी करा, 7 वेळा' ही सूचना मोठ्या साइजला नुसती '16 वेळा' करून चालत नाही. तसं केलं तर जवळजवळ अख्खा मुंढा तिरका जातो आणि काखेत कापड राहत नाही. काखेपाशी काही खांब न विणता सोडायचे, उरलेले हळूहळू घटवायचे. स्मॉलला 3 सोडून 4 ओळींत 4, टू-एक्सला 8 सोडून 8 ओळींत 8. पॅटर्नमध्ये हे 'प्रत्येक बाजूला 3 (8) खांब सोडा, मग 4 (8) ओळी दोन्ही टोकांना एकेक खांब कमी करा' असं येतं. कंसातल्या साइजचा क्रम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच ठेवा. आणि एखाद्या साइजला काही पायरीच नको असेल तर तिथे शून्य लिहून विणणारीला कोड्यात टाकण्यापेक्षा त्या साइजसाठी सरळ वेगळी ओळ लिहावी, असं माझं ठाम मत आहे.

नक्षी असली की अजून एक पेच येतो. नक्षी 6 खांबांची असेल तर 72 मध्ये ती बरोबर 12 वेळा बसते. पण 36 छातीच्या साइजला तयार घेर 40 इंच हवा, पाठीला 80 खांब, आणि 80 ला 6 नं भाग जात नाही. 78 घ्यायचे की 84? 78 नं घेर 39 इंच होतो, 84 नं 42. अंगासरशी टॉपला मी 78 घेईन, कारण पुढच्या साइजचा घेर 44 इंच आहे आणि 84 घेतले तर दोन साइज फार जवळ येतात. मात्र एकदा 78 ठरवले की त्या साइजपुढे अंगाचं माप 36 आणि तयार कपड्याचं माप 39 असे दोन्ही आकडे लिहायचे. तक्त्यात 40 शोभून दिसतं म्हणून 40 लिहायचं नाही, कारण विणणारी तो आकडा बघूनच साइज निवडते आणि तेवढी लोकर आणते.