अनुदान आलं म्हणजे फी बंद व्हायला हवी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या गावांत एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो: ‘तालमीला सरकारी अनुदान मिळालं की मुलांकडून फी घेता येत नाही, घेत असतील तर पैसे कुणीतरी खाल्ले.’ पालकांना असं वाटणं साहजिक आहे. अनुदानाचा आकडा कानावर येतो, अटी येत नाहीत.

अनुदान बहुधा ठरावीक कामापुरतं असतं. मंजुरी आदेशात ‘कुस्तीची मॅट’ लिहिलं असेल, तर त्यातून वस्तादांचं मानधन, वीजबिल किंवा स्पर्धेला जायचं बसभाडं देता येत नाही. मॅट एकदाच येते. वस्ताद रोज पहाटे लागतात, आणि पोरं घडतात ती त्यांच्यामुळेच. तो खर्च फी-देणगीतूनच निघतो. फी घेऊ नये अशी अट असलीच, तर ती आदेशातच सापडेल.

म्हणून आधी तालमीकडे मंजुरी आदेश आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला) बघायला मागा. नाही मिळालं, तर पैसे देणाऱ्या कार्यालयात माहिती हक्काचा अर्ज करा; तालीम खासगी असली तरी अनुदानाची फाइल तिथे असते. कर्नाटकात शुल्क 10 रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. आपल्याकडे अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत द्यावा. उत्तराची मुदत 30 दिवस.

मग टेप घेऊन तालमीत जा. बिलात 12 बाय 12 मीटरची मॅट आणि जमिनीवर तिच्या निम्मी असेल, तर शंका रास्त आहे. ती ग्रामसभेत उघडपणे विचारा.