कॉसमॉस-१२६७ वर क्षेपणास्त्रं नव्हती

‘सोव्हिएत संघानं १९८१ मध्ये साल्यूत-६ अंतराळ स्थानकाला क्षेपणास्त्रांनी भरलेलं यान जोडलं होतं’ हा दावा तेव्हा अमेरिकेत छापून आला आणि आजही फिरतो. तो चुकीचा आहे.

कॉसमॉस-१२६७ हे टीकेएस जातीचं मालवाहू यान होतं. २५ एप्रिल १९८१ ला ते निघालं आणि १९ जूनला, म्हणजे शेवटचे अंतराळवीर परतल्यानंतर, मानवरहित अवस्थेतच स्थानकाला जोडलं गेलं. यानाचं वजन जवळपास स्थानकाएवढंच. उद्देश एकच: एवढी दोन मोठी धुडं जोडून एकत्र चालवता येतात का, हे पाहणं. बाहेरच्या अंगाला दिसणाऱ्या लांबट नळकांड्या म्हणजे इंधनाच्या टाक्या.

संशयाला आधार अजिबात नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. टीकेएसचा आराखडा सोव्हिएत अभियंते चेलोमेई यांच्या अल्माझ या लष्करी स्थानकांसाठीच झाला होता, आणि त्या स्थानकांपैकी साल्यूत-३ वर खरोखरच तोफ होती. पण म्हणून प्रत्येक टीकेएसवर शस्त्रं होती असं होत नाही.

१९८३ मध्ये याच जातीचं कॉसमॉस-१४४३ साल्यूत-७ ला जोडलं गेलं. अंतराळवीर ल्याखोव आणि अलेक्सांद्रोव यानात शिरले तेव्हा त्यांच्या हाती आलं ते सुमारे तीन टन सामान. राकेश शर्मा पुढच्या वर्षी राहून आले ते हेच स्थानक. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग ‘झार्या’ही टीकेएसच्याच आराखड्यातून घडला.