आधी पन्हा, मग मीटर : कापड घ्यायला येणाऱ्या ताई-काकूंसाठी

काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कुर्त्याला किती लागते जी?" आम्ही विचारतो, कापड कोणते? मग काहींना वाटते, दुकानदार उगाच फाटे फोडतो. पण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कळल्याशिवाय मीटर सांगायचे म्हणजे अंदाजपंचे. अडीच मीटर हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, आणि सगळा घोळ त्याच आकड्याने होतो.

एक कुर्ता बेतूनच बघा. उंची ४४ इंच, खालची दुमड आणि शिवणीची माया धरून ४७. पुढचा भाग घेराशी २७ इंच, मागचाही तेवढाच. थ्री-फोर्थ बाही २० इंच लांब, १५ इंच रुंद. कॉटन प्रिंट बहुतेक ४४ इंच पन्ह्यात येते. त्यात पुढचा-मागचा असे दोन पाट (भाग) शेजारी-शेजारी बसत नाहीत, म्हणून दोन उंच्या लागतात : ९४ इंच, म्हणजे २ मीटर ३९ सेंमी. बाह्या बाजूच्या पट्टीतून निघतात. हा आपला अडीच मीटरचा हिशेब.

हाच कुर्ता ५८ पन्ह्याच्या लिननमध्ये घ्या. दोन्ही पाट एकाच उंचीत बसतात, खाली बाह्या. ६७ इंचांत काम झाले, पावणेदोन मीटर भरपूर. इथे अडीच मीटर घेतले तर पाऊण मीटरचे पैसे फुकट. उलट खादीचे किंवा हातमागाचे ३६ पन्ह्याचे कापड आवडले, तर पाटाशेजारी बाही मावत नाही. मग तीन मीटर घ्या. तिथे अडीच घेऊन गेलात की घरी पुढचा-मागचा पाट कापून होतो, आणि बाह्यांना जेमतेम चार इंच कापड उरते.

मग पंधरा दिवसांनी कतरण घेऊन येणे होते. "यातलेच अर्धा मीटर द्या." तोवर तो तागा संपलेला असतो. नवा तागा त्याच नंबरचा, त्याच डिझाइनचा असला तरी रंगाचा लॉट वेगळा असतो. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखे दिसतात, उन्हात बाही एक आणि अंग एक. आम्ही असा तुकडा देताना दोनदा विचारतो, ते विक्री नको म्हणून नाही.

दुसरी गोष्ट आटण्याची. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटते. अडीच मीटरमागे दहा सेंमी गेले तर २ मीटर ४० उरते, वरच्या हिशेबात जेमतेम काठावर. त्यापेक्षा जास्त आटले की कमीच. तेव्हा १५ सेंमी जास्तीचे घ्या, रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा (आपल्या मे महिन्याच्या उन्हात रंगीत कापड टाकू नका) आणि इस्त्री करून मगच कात्री लावा. न भिजवता शिवले तर ४४ इंचांचा कुर्ता पावणेदोन इंचांनी वर चढतो आणि बोलणी शिवणाऱ्याला बसतात. अस्तरही भिजवायचे, हे मात्र हमखास विसरले जाते. वरचे कापड तसेच राहते, अस्तर आटते आणि शिवण चुणते.

चौकडी किंवा मोठी फुले असली तर डिझाइन जुळवायला प्रत्येक उंचीमागे एका डिझाइनची लांबी जास्त धरा.

लेस, गोट, पायपिंग घेताना "दोन मीटर द्या" म्हणू नका. वरच्या कुर्त्याचा नुसता खालचा घेर ५४ इंच भरतो. दोन्ही बाह्यांची तोंडे, गळा आणि साइडचे कट मोजून या, वर वितभर माया ठेवा. मॅचिंगसाठी मोबाइलमधला फोटो चालत नाही. प्रत्येक फोनमध्ये मोरपंखी वेगळा दिसतो. बोटभर कतरण आणा, आपण दाराबाहेर उजेडात धरून बघू.

कापलेले कापड आम्ही परत घेत नाही, बदलूनही देत नाही. यावर नाराजी होते, ठाऊक आहे. पण सव्वादोन मीटरचा तुकडा नेमका कोणाला लागणार? तो कपाटात पडून राहतो. म्हणून कात्री लावण्याआधी आम्ही उंची, घेर, बाही विचारतो. त्याला पाच मिनिटे जास्त जातात, मागे रांग कुरकुरते, तरी आम्ही विचारणारच. बिलावर पन्हा लिहून मिळतो आणि कापडाची कतरण टाचून मिळते. बटण, रीळ, चेन नंतर घ्यायची असेल तर ते बिल घेऊन या.

लग्नघरी एकदम वीस-पंचवीस जणींचे कापड लागत असेल तर खुशाल नागपूरच्या गांधीबागेत ठोक बाजारात जा, ठोक भावात आम्ही पुरे पडणार नाही. पण एकच कुर्ता, एक परकर, त्याला जुळणारे अस्तर आणि अर्धा मीटर लेस असे एकाच जागी हवे असेल तर आम्ही त्याचसाठी बसलो आहोत. ताग्यांचे शेवटचे तुकडे दाराजवळच्या पेटीत असतात, पन्हा आणि लांबी चिठ्ठीवर लिहिलेली. लहान मुलींचे फ्रॉक त्यातून मजेत होतात, भावही कमी.

महालक्ष्म्यांच्या आधीचे पंधरा दिवस आणि एरवी शनिवार-रविवारची संध्याकाळ उभे राहायला जागा नसते. बेतण्याबद्दल निवांत विचारायचे असेल तर मधल्या वारी दुपारी या, आणि अंगात नीट बसणारा एक जुना कुर्ता सोबत आणा. मापे त्यावरूनच घेऊ.