जिवाणूंकडून उसनी घेतलेली हत्यारं

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मधुमेहींना दिलं जाणारं इन्शुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. इन्शुलिन हे प्रथिन, आणि प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या छोट्या रेणूंच्या साखळ्या. डुकराचं इन्शुलिन माणसाच्या इन्शुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळं, गुरांचं तीन अमिनो आम्लांनी. बहुतेकांना ते चालायचं, काहींना त्याची ॲलर्जी यायची. १९८२ मध्ये अमेरिकेत हुबेहूब मानवी इन्शुलिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. ते बनवत होता ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू.

या जिवाणूला स्वतःला इन्शुलिनचा काडीचाही उपयोग नाही. तरी तो ते बनवतो. का बनवतो हे नीट समजलं, की जैवतंत्रज्ञानाचा निम्मा पाया पक्का झाला असं मी म्हणेन.

डीएनएच्या लांबलचक रेणूत चार घटक एकापुढे एक जोडलेले असतात: ए, टी, जी आणि सी. त्यांना अक्षरं म्हणू. अशा दोन साखळ्या एकमेकींभोवती वेटोळे घालतात. ए समोर नेहमी टी आणि जी समोर नेहमी सी येत असल्याने एक साखळी ठाऊक असली की दुसरी कळतेच. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते ती याच नियमाने. ही रचना १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. तिच्यामागे रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांचा मोठा आधार होता. पाठ्यपुस्तकात हे तिसरं नाव नसेल तर खुशाल पेन्सिलीने लिहून टाकावं.

मानवी डीएनएच्या एका संचात सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात, २३ गुणसूत्रांत विभागलेली. बहुतेक पेशींत असे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. ज्या तुकड्यावरून एखादं प्रथिन बनतं तो तुकडा म्हणजे जनुक. अशी जनुकं सुमारे २०,००० आहेत, आणि त्यांतला प्रत्यक्ष प्रथिनं सांगणारा मजकूर एकूण डीएनएच्या २ टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्याला एके काळी सरसकट टाकाऊ म्हणत. त्यातला काही भाग कोणतं जनुक कुठल्या पेशीत कधी चालू राहील हे ठरवतो, हे आता पक्कं माहीत आहे. डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशींत मजकूर एकच असतो, पण दोन्हीकडे वाचला जाणारा भाग वेगळा.

वाचन कसं होतं? आधी आरएनए या डीएनएसारख्याच रेणूच्या रूपात जनुकाची प्रत निघते. पेशीत प्रथिनं बनवणारा रायबोसोम ही प्रत तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि दर तिकडीमागे एक अमिनो आम्ल जोडत जातो. चार अक्षरांपासून अशा तिकड्या होतात ६४. त्यांतल्या ३ ‘इथे थांबा’ सांगतात, उरलेल्या ६१ मिळून २० अमिनो आम्लं सांगतात. हा संकेत उलगडल्याबद्दल हरगोविंद खुराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट होली यांना १९६८ चं नोबेल मिळालं. तुरळक अपवाद सोडले तर सगळ्या सजीवांत संकेत हाच. त्यामुळे रायबोसोमला मजकूर कोणाचा हे कळत नाही आणि कळायची गरजही नसते. मानवी तिकड्या पुढ्यात आल्या की जिवाणू मानवी प्रथिन बनवतो.

मग प्रश्न उरतो तो हा मजकूर जिवाणूत घालायचा कसा. त्यासाठी लागणारी हत्यारंही जिवाणूंकडेच होती. विषाणूंचा डीएनए आत शिरला की त्याचे तुकडे करणारी एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, जिवाणूंमध्ये असतात. त्यांतलं इको-आर-वन फक्त ‘जी-ए-ए-टी-टी-सी’ हा क्रम शोधतं. समोरच्या साखळीवर उलट्या दिशेने वाचलं तरी हाच क्रम येतो, त्यामुळे एन्झाइम दोन्ही साखळ्या जी आणि ए यांच्या मध्ये कापतं. हे दोन छेद समोरासमोर येत नाहीत, म्हणून प्रत्येक टोकाला चार अक्षरांची एकेरी शेपटी मोकळी राहते. त्याच एन्झाइमने कापलेल्या कुठल्याही डीएनएची शेपटी तिच्याशी जुळते, मग तो डीएनए बेडकाचा असो की माणसाचा. लायगेज हे दुसरं एन्झाइम हा सांधा पक्का करतं. (स्वतःचा डीएनए कापला जाऊ नये म्हणून जिवाणू आपल्या अशा जागांवर मिथाइल गट चिकटवून ठेवतो.)

वाहन म्हणून प्लाझ्मिड वापरतात. हे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचं छोटं वर्तुळाकार डीएनए. त्यावर प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक असेल तर निवडही सोपी होते: प्रतिजैविक घातलेल्या बशीत जिवाणू वाढवायचे, ज्यांनी प्लाझ्मिड घेतलं तेच जगतात. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी हे सारं एकत्र जुळवून दाखवलं.

एक अडचण मात्र मूळ आराखड्यात नव्हती. मानवी जनुकांत अधूनमधून प्रथिनासाठी न लागणारे तुकडे असतात. आपल्या पेशी ते आरएनएमधून छाटून टाकतात. जिवाणूला ही छाटणी जमत नाही. म्हणून १९७८ मध्ये इन्शुलिनसाठी शास्त्रज्ञांनी माणसाचं जनुक उचललंच नाही. इन्शुलिनमधल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम माहीत होता. त्यावरून उलटा हिशेब करून त्यांनी जनुक प्रयोगशाळेत रसायनांपासून बांधलं. २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंकडून बनवून घेतल्या आणि मग जोडल्या.

पुढेही जिवाणूंची उसनवारी चालूच राहिली. डीएनएच्या लाखो प्रती काढणाऱ्या पीसीआरमध्ये साखळ्या सुट्या करायला दर फेरीला सुमारे ९५ अंश सेल्सियस तापमान लागतं. ते सोसणारं एन्झाइम गरम झऱ्यात सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं. क्रिस्पर तर जिवाणूंची स्मरणशक्तीच. हल्ला करून गेलेल्या विषाणूंच्या डीएनएचे तुकडे ते स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतात. त्यावरून बनलेला आरएनए कॅस-९ या एन्झाइमला नेमका कुठे कापायचं ते दाखवतो. हा वाटाड्या आरएनए आपल्याला हवा तसा लिहिता येतो, हे इमान्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवलं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी. या आजारात हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ‘जी-ए-जी’चं ‘जी-टी-जी’ झालेलं असतं, फक्त एका अक्षराचा फरक. हा उपचार ते अक्षर दुरुस्त करत असेल असं कोणालाही वाटेल, पण तसं नाही. गर्भात असताना आपण वेगळं हिमोग्लोबिन वापरतो आणि जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढून, ते बंद ठेवणाऱ्या जनुकाचा नियंत्रक भाग क्रिस्परने कापतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि रक्तपेशी विळ्यासारख्या वाकणं थांबतं. बिघडलेलं जनुक जसंच्या तसं राहतं. अंडपेशी आणि शुक्रपेशींना या उपचारात हात लागत नाही, त्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णाकडून ते जनुक पुढच्या पिढीत जातंच.