रिमोट प्रॉक्टर्ड कॉम्प्युटर सायन्स परीक्षा: पात्रता, कागदपत्रे आणि लॅपटॉपची तयारी

रिमोट प्रॉक्टर्ड, म्हणजे घरी कॅमेऱ्यासमोर बसून दूरच्या पर्यवेक्षकाच्या (प्रॉक्टरच्या) नजरेखाली द्यायच्या परीक्षेत कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना तांत्रिक अडचणी कमी येतील, असा सगळ्यांचाच समज असतो. होतं उलटंच. व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक), दुसरा मॉनिटर, रिमोट डेस्कटॉप, स्क्रीन रेकॉर्डर ही आपली रोजची हत्यारं, आणि प्रॉक्टरिंग सॉफ्टवेअरला नेमका त्यांचाच संशय येतो. म्हणून कागदपत्रं आणि लॅपटॉप, दोन्हींचा निकाल निदान आठवडाभर आधी लावून टाका.

पात्रता आणि नोंदणी

विषयाला प्रवेश मिळाला म्हणजे परीक्षेला नाव लागलं, असं बऱ्याच विद्यापीठांत नसतं. परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याची मुदत वेगळी. असाइनमेंट किंवा प्रॅक्टिकलचे किमान गुण मिळवल्याशिवाय तो स्वीकारला जात नाही, अशीही अट असू शकते. स्लॉट निवडताना वेळ कोणत्या टाइम झोनमध्ये दिली आहे ते बघा. परीक्षा दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची असेल, तर तिथलं घड्याळ ऋतूनुसार एक तास पुढे-मागे होतं का, हेही तपासा.

अर्जासोबत संमतीपत्र येतं. त्यावर डोळे मिटून टिक करू नका. चेहरा, आवाज आणि स्क्रीन यांपैकी काय रेकॉर्ड होणार, ते किती काळ ठेवणार आणि कोण पाहणार, एवढं तरी वाचा. खोली कॅमेऱ्याने फिरवून दाखवायला लावणं वादग्रस्त आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या फेडरल न्यायालयाने २०२२ मध्ये क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात असं स्कॅन घटनाबाह्य ठरवलं होतं. त्या निकालाचा आधार सगळीकडे घेता येणार नाही, पण परीक्षा केंद्रावर बसायचा पर्याय मागायला कोणी अडवत नाही. मात्र तो अर्जाच्या मुदतीतच मागायचा.

जादा वेळ, औषधासाठी किंवा स्वच्छतागृहासाठी उठायची परवानगी, श्रवणयंत्र, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) यांसाठी वेगळा अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. स्क्रीन रीडर लॉकडाउन ब्राउझरसोबत (परीक्षेखेरीज बाकी सगळं अडवणाऱ्या ब्राउझरसोबत) चालतोच असं नाही, ते आधी चालवून बघा. आणि सवलत मंजूर झाल्याचं पत्र हातात आलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. ती परीक्षेच्या सिस्टिममध्ये चढली आहे का, हे परीक्षा विभागाला लेखी विचारा.

कागदपत्रे

फोटो असलेलं मूळ, मुदतीतलं ओळखपत्र लागतं. काही ठिकाणी त्यासोबत विद्यापीठाचं कार्डही मागतात. झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो सहसा चालत नाही. सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो: नोंदणीत आडनाव पुढे आणि कार्डावर मागे, मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, लग्नानंतर एकाच ठिकाणी बदललेलं. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आताच करा. परीक्षेच्या वेळी प्रॉक्टरच्या हातात काही नसतं.

लॅमिनेट केलेलं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं की स्क्रीनचा उजेड त्यावर चमकतो आणि अक्षरं गायब होतात. ब्राइटनेस कमी करा, कार्ड किंचित तिरकं धरा, फोकस लागेपर्यंत हलवू नका. खोलीतला दिवा समोर हवा. खिडकी पाठीशी असली तर चेहऱ्याची नुसती काळी आकृती दिसते.

लॅपटॉप

ईटीएच झ्युरिक या स्विस विद्यापीठात तयार झालेला सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅकओएस आणि आयओएसवर चालतो, लिनक्सवर नाही. रिस्पॉन्डस कंपनीचा लॉकडाउन ब्राउझरही लिनक्सवर चालत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून वेळ मारून नेऊ म्हणाल, तर तिथेही सहसा अडवतात. फक्त लिनक्स असलेला लॅपटॉप असेल, तर दुसरं मशीन विद्यापीठाकडून मिळतं का ते वेळेत विचारा.

टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, डिस्कॉर्ड, ओबीएस (स्क्रीन रेकॉर्डर) आणि त्याचा व्हर्च्युअल कॅमेरा, क्लिपबोर्ड मॅनेजर, व्हीपीएन हे सगळं बंद करा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही, बॅकग्राउंडला प्रोसेस चालूच राहते. लॅपटॉप सुरू होताना आपोआप उघडणारी ॲप्सही काढा. दुसऱ्या मॉनिटरची केबल उपसून ठेवा. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिल्यावर ते ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं लागतं, आणि ऐन परीक्षेत हे करायची वेळ आली तर मिनिटं भराभर जातात. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आदल्या दिवशीपर्यंत उरकून मग थांबवून ठेवा. घड्याळ आपोआप जुळणारं असू द्या, कारण वेळ चुकली तर सुरक्षित साइटच उघडत नाही. नेटचा अपलोड वेग बघा, कारण व्हिडिओ तुमच्याकडून जातो. शक्य असेल तर केबल लावा.

सराव परीक्षा

ही टाळू नका, मग ती ऐच्छिक का असेना. तीच खोली, तेच नेट, तेच चार्जर. इथे आणखी एक गोष्ट कळते: परीक्षेतल्या एडिटरमध्ये ऑटोकम्प्लीट नसतो, कोड सुचवणारा कोपायलट तर नाहीच. काही सवयी अंगाशी येतात. टर्मिनलमध्ये कंट्रोल-डब्ल्यूने मागचा शब्द पुसला जातो, पण ब्राउझरमध्ये त्यानेच अख्खा टॅब बंद होऊ शकतो. विम हा एडिटर वापरणाऱ्यांचं बोट सारखं एस्केपवर जातं आणि फुलस्क्रीन सुटली की नोंद होते. पायथनमध्ये टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ झाली तर टॅबएरर येतो, म्हणून तिथली टॅब कळ नक्की काय टाकते ते बघून ठेवा. मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रणालीतलं कोडरनर (कोड चालवून तपासणारं साधन) वापरत असतील, तर ‘चेक’ दाबून उत्तर चुकलं की शिक्षकांच्या सेटिंगप्रमाणे गुण कापले जाऊ शकतात. ‘प्रीचेक’ दिलं असेल तर आधी ते वापरा.

ट्री किंवा ऑटोमाटाची आकृती कागदावर काढायची असेल, तर नियम लेखी मागा: कोरा कागद दोन्ही बाजूंनी दाखवायचा का, फोटो कशाने काढायचा आणि त्यासाठी फोन कधी उचलायचा. फोनला मनाई आणि आकृतीचा फोटो अपलोड करा, अशा दोन्ही सूचना एकाच पत्रकात येतात.

परीक्षा चालू असताना आणि नंतर

लूप मनातल्या मनात चालवा. पुटपुटलात तर माइक ते टिपतो. कागदाकडे फार वेळ बघितल्यानेही फ्लॅग, म्हणजे संशयाची खूण, पडू शकतो. पण फ्लॅग म्हणजे कॉपी सिद्ध झाली असं नव्हे, तो बघून निर्णय माणसाने घ्यायचा असतो. नेट गेलं तर त्याच मशीनवरून पुन्हा लॉगिन करा, चॅटमध्ये प्रॉक्टरला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक कागदावर उतरवा. त्याच दिवशी परीक्षा विभागाला ईमेल करा: किती वाजता तुटलं, किती वाजता जोडलं, कोणता प्रश्न चालू होता. आरोप झालाच, तर संबंधित रेकॉर्डिंग दाखवण्याची मागणी लेखी करा आणि अपिलाची मुदत विचारून घ्या.

सगळं जमा झाल्याची पोच आली की प्रॉक्टरिंगसाठी ब्राउझरमध्ये टाकलेलं एक्स्टेंशन असेल तर ते काढून टाका, आणि कॅमेरा, माइक, स्क्रीनच्या परवानग्या परत घ्या. दुसरा पेपर बाकी असेल तर तो होईपर्यंत राहू द्या.