पाण्याच्या पातेल्यात तेल : अख्खी टर्की तळण्यामागची पार्श्वभूमी

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत एक ठरावीक खोका दर्शनी भागात येऊन बसतो. आत ३० क्वार्टचं, म्हणजे साधारण २८ लिटरचं उंच ॲल्युमिनियमचं पातेलं, लोखंडी स्टँडवरची गॅसची शेगडी, हातभर लांब थर्मामीटर, टर्की उभी खोवायची सळई, ती उचलायचा आकडा आणि मसाला टोचायची जाड सुई. थँक्सगिव्हिंग या सणाला पहिल्यांदाच टर्की तळायला निघालेला माणूस हा खोका घरी आणतो आणि समजतो की हे सगळं टर्कीसाठीच घडवलेलं आहे. पण पातेलं आणि शेगडी यांचा मूळ धंदा पाणी उकळण्याचा. तळलेल्या टर्कीचा निम्मा इतिहास यात आहे आणि जवळपास सगळे अपघातही.

हे सामान अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्याचं. १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हुसकावलेले फ्रेंच भाषक अकेडियन लोक पुढच्या काही दशकांत इथल्या दलदलीच्या मुलखात येऊन वसले आणि 'केजन' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचं खाणं घोळक्याचं, अंगणातलं. वसंतात क्रॉफिशचा हंगाम येतो. क्रॉफिश म्हणजे शेवंडाचं गोड्या पाण्यातलं बोटभर भावंड. पोतंभर क्रॉफिश, बटाटे, मक्याची कणसं आणि तिखट मसाला एकाच उंच पातेल्यात उकळायचा, की वीस-पंचवीस माणसं जेवतात. त्यासाठी जोरदार आचेची, तीन पायांची प्रोपेनची शेगडी आली. पाणी एकदा उकळलं की १०० अंशांवर अडतं, कितीही आच द्या. त्यामुळे या शेगडीला थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या साधनाची, गरजच नव्हती. पाणी उतू गेलं तर फार तर शेगडी विझायची. तेलाला असा अडसर नाही. आच चालू असेपर्यंत ते तापतच जातं, धुरावतं आणि शेवटी आपणहून पेट घेतं. आणि उतू गेलं की थेट ज्वाळेवर सांडतं.

तळणंही केजनांना नवं नव्हतं. थंडीत गावकी मिळून डुक्कर कापायची, त्या प्रसंगाला 'बूशरी' म्हणतात. त्यात चरबी आणि कातडीचे तुकडे बिडाच्या मोठ्या काळ्या कढईत, उघड्यावर, तासन्‌तास ढवळत कुरकुरीत तळायचे. अशा कढईवर सरावलेला हात उभा असायचा आणि आच त्याच्या नजरेत असायची. लुइझियानाचे दूरचित्रवाणीवरचे गाजलेले खवय्ये जस्टिन विल्सन यांनी अख्खी टर्की तळलेली आपण पहिल्यांदा १९३०च्या दशकात पाहिली, असं सांगितलं होतं. याहून जुना ठाम धागा मिळत नाही, आणि तो शोधण्यात फारसा अर्थही नाही: कढई आहे, तेल आहे, पक्षी आहे, मग कुणीतरी तो सोडून पाहणारच.

पक्ष्याची गोष्ट मात्र फार लांबची. टर्की पहिल्यांदा माणसाळवली गेली मेक्सिकोत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याला पोचली. जहांगीरने गोव्याला धाडलेला सरदार मुकर्रब खान १६१२ मध्ये परतला, तेव्हा त्याने आणलेल्या नवलाईच्या वस्तूंमध्ये टर्कीचा नर होता. त्याच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात, असं बादशहाने आपल्या रोजनिशीत नोंदवलं. मन्सूर या चित्रकाराने काढलेलं त्या पक्ष्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याचं नाव 'पेरू', हे ऐकून मराठी माणूस फळाच्या टोपलीकडे बघणार!

अमेरिकेत टर्की सणाची झाली ती एकोणिसाव्या शतकात. १८६३ मध्ये लिंकन यांनी थँक्सगिव्हिंग राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला, आणि १९४१ मध्ये नोव्हेंबरातला चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यानंतरची एक घडामोड महत्त्वाची. गेल्या शतकात पैदास करणाऱ्यांनी टर्कीची छाती वाढवत नेली, कारण गिऱ्हाइकाला पांढरं मांस हवं होतं. पण छातीचं मांस ७४ सेल्सियसच्या पुढे गेलं की कोरडं पडतं आणि मांड्या शिजायला तर जास्त वेळ लागतो. १२ पौंडांची (साधारण साडेपाच किलोची) टर्की ३२५ फॅरनहाइटच्या (१६३ सेल्सियस) ओव्हनमध्ये सुमारे तीन तास घेते आणि तेवढ्यात छाती भुशासारखी होते, ही अमेरिकी स्वयंपाकघरातली दरवर्षीची तक्रार. तेल हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता पोचवतं; तोच पक्षी ४०-४५ मिनिटांत होतो, कातडीतलं पाणी उडून ती पापडासारखी होते आणि आतलं मांस रसदार राहतं. चांगली तळलेली टर्की तेलकट लागत नाही. लुइझियानाबाहेरच्या पाहुण्यांना पहिला धक्का बसतो तो हाच.

लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये शेफ पॉल प्रुडोम यांचं रेस्टॉरंट १९७९ मध्ये सुरू झालं आणि १९८०च्या दशकात केजन जेवणाची लाट देशभर गेली. तिच्याबरोबर मसाला टोचायची सुईही गेली. वितळलेलं लोणी, लसणाचा आणि कांद्याचा रस, लाल तिखट, मीठ असं २५० ते ३५० मिलिलीटर मिश्रण छातीत आणि मांड्यांत टोचतात. ते आधी गाळून घ्यायचं, नाहीतर सुई तुंबते; आणि कोमट असतानाच टोचायचं, कारण थंड पक्ष्यात लोणी गोठतं. १९९६ मध्ये मार्था स्ट्युअर्ट यांच्या घर-स्वयंपाकाच्या मासिकात तळलेली टर्की आली आणि उत्तरेकडच्या उपनगरांना तिची ओळख झाली. त्यानंतर खोक्यांचा धंदा वाढला. सामान मिनेसोटापर्यंत पोचलं, त्याच्याबरोबर असायचा तो सरावलेला हात लुइझियानातच राहिला.

मग काय बिघडलं, ते आकड्यांत बघू. पातेलं २८ लिटरचं, तेल लागतं ११ ते १३ लिटर. नवखा माणूस डोळ्यांच्या अंदाजाने ओततो. १२ पौंडांचा पक्षी आत गेला की पाचेक लिटर तेल वर सरकतं. शिवाय तेल तापताना फुगतं: खोलीच्या तापमानापासून १७७ सेल्सियसपर्यंत जवळपास दहा टक्के, म्हणजे १२ लिटरचं १३ लिटरच्या वर. त्यावर फेस. थंड असताना 'पुरेशी जागा आहे' असं वाटणारं पातेलं या तीन गोष्टींनी काठोकाठ भरतं.

दुसरा आणि जास्त घातक बिघाड बर्फाचा. दुकानातली टर्की दगडासारखी गोठलेली असते. फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना २४ तास, म्हणजे १२ पौंडांना तीन दिवस लागतात. लोक दोन दिवस देतात. बाहेरून मऊ लागते आणि पोटात वाटीभर बर्फ तसाच राहतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते. २५० मिलिलीटर पाण्याची ४२५ लिटर वाफ २८ लिटरच्या पातेल्याच्या तळाशी तयार होते आणि वरचं सगळं तेल घेऊन बाहेर पडते. खाली शेगडी पेटलेली. ओली पुरी कढईत सोडल्यावर जे तडतडतं, तेच हे, फक्त घरभर. घाई असेल तर थंड पाण्यात बुडवून दर पौंडाला अर्धा तास, दर अर्ध्या तासाला पाणी बदलत. पण पोटात हात घालून खात्री केल्याशिवाय नाही.

अंडररायटर्स लॅबोरेटरीज या उपकरणं तपासणाऱ्या संस्थेने २०००च्या सुरुवातीच्या वर्षांत गॅसवरच्या या संचांची चाचणी घेतली आणि त्यांना आपला शिक्का द्यायचं नाकारलं. कारणं तीच: थर्मोस्टॅट नाही, स्टँड सहज कलंडतो, पातेलं उतू जातं. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही आगीपासूनच्या सुरक्षेची अमेरिकी संस्था आजही घरी असे संच वापरू नका, असंच सांगते. उत्पादकांनी मग चार पायांचे रुंद स्टँड आणले आणि गॅसच्या नळीवर पंधरा मिनिटांचा टायमर बसवला. पंधरा मिनिटांत बटण दाबलं नाही, तर गॅस बंद. लोक त्याला शिव्या घालतात, कारण टर्की होईपर्यंत तो चार-पाच वेळा दाबावा लागतो. पण त्याचा हेतूच तो आहे, माणसाने पातेल्याजवळून हलू नये. थर्मोस्टॅट असलेले विजेचे फ्रायर आले. ते सुरक्षित आहेत, मात्र घरच्या प्लगमधून दीड-पावणेदोन हजार वॅटच मिळतात, त्यामुळे थंड पक्षी पडल्यावर उतरलेलं तापमान हळू चढतं. तेलाशिवाय इन्फ्रारेडवर भाजणारे डबेही निघाले. त्यांची टर्की छान होते, तिला तळलेली म्हणणं जरा धाडसाचं.

तेल शेंगदाण्याचं, ही लुइझियानाची सवय आता सगळीकडे रूढ आहे. शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलाला २३२ सेल्सियसच्या आसपास धूर येतो, म्हणजे तळणीच्या तापमानाच्या वर बऱ्यापैकी मोकळी जागा राहते. मराठी घरांनी इथे एक लक्षात ठेवावं: लाकडी घाण्याचं, न शुद्ध केलेलं तेल फोडणीला कितीही खमंग असलं तरी ते साधारण १६० सेल्सियसलाच धुरावतं. ते टर्कीच्या पातेल्यात नको. आणि पाहुण्यांत कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, ते आधी विचारायचं.

इतक्या वर्षांच्या चुकांतून जी रीत ठरली, ती अशी. पक्षी १० ते १२ पौंडांचा, फार तर १४; त्याहून मोठा बाहेरून काळा पडतो आणि आत कच्चा राहतो. १९३०-४०च्या दशकांत अमेरिकेच्या कृषी खात्याने छोट्या ओव्हनसाठी 'बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट' ही आटोपशीर जात काढली होती. फ्रायरला ती नेमकी बसली असती, पण तोवर ती बाजारातून गेली होती. वेष्टनासकट टर्की रिकाम्या पातेल्यात ठेवायची, ती इंच-दीड इंच बुडेल एवढं पाणी ओतायचं, टर्की काढायची आणि उरलेल्या पाण्याच्या पातळीला खूण करायची. तेल त्या खुणेपर्यंत. पाण्यात पक्षी असताना काठापर्यंत चार-पाच इंच मोकळे नसतील, तर पक्षी मोठा आहे. मग पातेलं पुसून कोरडं करायचं, अगदी थेंबही नको.

पोटातली मान, काळीज वगैरे अवयवांची पिशवी, प्लास्टिकची पकड आणि 'झालं' सांगणारी प्लास्टिकची खुंटी काढायची. मानेकडचं भोक मोठं करायचं आणि पायाच्या सांध्याभोवती कातडीला चीर द्यायची, म्हणजे तेल आत-बाहेर वाहतं. आतून-बाहेरून कागदाने टिपायची. बाहेरून साखरेचा मसाला लावायचा नाही, जळतो. सारण तर मुळीच नाही.

शेगडी सपाट जमिनीवर, घरापासून दहा फूट तरी दूर. लाकडी डेकवर नाही, गॅरेजमध्ये नाही, पावसात नाही. तेल ३५० फॅरनहाइटला (१७७ सेल्सियस) यायला अर्धा-पाऊण तास लागतो. मग शेगडी पूर्ण बंद करायची आणि टर्की सावकाश, मिनिट-दीड मिनिट घेत उतरवायची. नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात: ज्वाळाच नसेल, तर उतू गेलेलं तेल बहुधा जमिनीवर सांडतं, पेटत नाही. टीव्हीवरचे आल्टन ब्राउन यांनी २००६ मध्ये शिडी, दोर आणि कप्पी लावून टर्की लांबून उतरवली, तीही २५० फॅरनहाइटच्या (१२१ सेल्सियस) तेलात, आणि नंतर आच वाढवली. उसळी कमी होते. फक्त वेळ थोडा जास्त धरायचा.

टर्की बसली की शेगडी पुन्हा पेटवायची. पौंडाला साडेतीन मिनिटं, म्हणजे १२ पौंडांना ४२. पण घड्याळावर न जाता छातीत आणि मांडीत, हाडाला न लावता, थर्मामीटर खुपसून १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सियस) बघायचं. तेलाला धूर दिसला की गॅस बंद. आग लागलीच तर आधी गॅस बंद करायचा, जमलं तर झाकण टाकायचं. पाणी कधीच नाही. तेलाच्या आगीचा अग्निशामक हाताशी हवा.

वीस-पंचवीस मिनिटं टर्की जाळीवर निथळू द्यायची, तोवर पातेल्याला हात लावायचा नाही. १२ लिटर तेल गार व्हायला काही तास लागतात आणि जेवणानंतर पोरं अंगणातच खेळत असतात, म्हणून कुणीतरी एक जण तिथे बसून राहतो. सकाळी ते पातळ मलमलीतून गाळून मूळ डब्यात भरलं आणि थंड जागी ठेवलं, की आणखी दोन-तीन पक्ष्यांना पुरतं.